नाशकात राहून ग्राफिक डिझायनर होता येईल का?

प्रश्न : ताई, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती, पण घरच्यांनी सांगितलं म्हणून कॉमर्सला गेले. सध्या मोबाइलवर ओळखीच्या दुकानांच्या, वाढदिवसाच्या जाहिराती करून देते आणि लोकांना त्या आवडतात. मला ग्राफिक डिझायनर व्हायचं आहे. मैत्रिणी म्हणतात, त्यासाठी पुण्या-मुंबईलाच जावं लागेल, नाशिकला द्राक्षं आणि देवळं सोडून काय आहे? कॉलेजरोडला सहा महिन्यांचा सॉफ्टवेअरचा कोर्स आहे. तो लावू का?
– एक विद्यार्थिनी, सिडको, नाशिक

उत्तर : नाशकात राहून होता येईल. कोर्सचं नंतर बोलू. आधी मैत्रिणींच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न मला लागला.

त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटाचे जनक एवढीच ओळख आपण लक्षात ठेवतो आणि पांडवलेण्याच्या पायथ्याशी असलेलं त्यांचं स्मारक बघून येतो. पण ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला तेव्हा दादासाहेबांचं वय ४३ होतं. त्याआधीचा त्यांचा बहुतेक काळ चित्र, छायाचित्र आणि छपाई यांत गेला होता. आज ज्याला ग्राफिक डिझाइन म्हणतात, ते काम हा माणूस ते नाव रूढ व्हायच्या आधीपासून करत होता.

त्यांचा प्रवास बघ. १८८५ मध्ये सर जे. जे. कलाशाळा. मग बडोद्याचं कलाभवन, तिथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि छपाईच्या प्रक्रिया. पुढे पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकाराची नोकरी. ती सोडून ते छपाईच्या धंद्यात उतरले. रविवर्म्याच्या चित्रांच्या प्रती काढणारा छापखाना तेव्हा लोणावळ्याजवळ मळवलीला होता, त्याच्यासाठी त्यांनी फोटो-लिथोचं काम केलं. नंतर दादरला भागीदारीत ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ चालवलं आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला थेट जर्मनी गाठली. भागीदारांशी पटेना, तेव्हा उभा केलेला धंदा सोडून बाहेर पडले. त्यानंतर सिनेमा आला. पहिल्या चित्रपटानंतर लवकरच त्यांनी बिऱ्हाड आणि काम नाशिकला हलवलं, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच उभी राहिली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकलाच वारले.

हे सगळं मी अभिमानापोटी सांगत नाही. दादासाहेब चित्र चांगलं काढून थांबले नाहीत. ते चित्र दगडावर कसं जातं, शाई कागदाला कशी धरते, तीन रंगांतून बाकीचे रंग कसे निघतात, हे जाणून घेण्यासाठी त्यांनी प्रत्येक वेळी यंत्रापाशी जाऊन हात काळे केले. म्हणूनच हातातलं साधन बदललं तरी त्यांचं अडलं नाही. ग्राफिक डिझायनर होऊ पाहणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते : आधी अक्षर शिका, आधी कागद आणि छपाई शिका, सॉफ्टवेअर त्यानंतर.

आणि छपाई शिकायची तर नाशिकइतकं योग्य गाव महाराष्ट्रात फार नाही. भारताची टपाल तिकिटं पूर्वी लंडनच्या डे ला रू कंपनीत छापून यायची. १९२०च्या दशकात नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२६ पासून तिकिटं इथे छापली जाऊ लागली. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाला. १९२९ ची विमान टपालाची तिकिटं आणि नवी दिल्लीच्या उद्घाटनाची १९३१ ची चित्रमय तिकिटं नाशिकरोडलाच लिथोवर छापली गेली. त्या प्रेसच्या आत आपल्याला कोणी सोडणार नाही, पण तिथलं काम तुझ्या पर्समध्ये आहे. एक नोट आणि एक भिंग घे. उजेडात धरून बघ. एकमेकांत गुंतलेल्या बारीक रेषांची वेलबुट्टी, डोळ्यांना रेघ वाटावी इतकी सूक्ष्म अक्षरं, बोटाला जाणवणारी उठावदार छपाई. मागच्या बाजूला एका छोट्या चौकटीत १५ भाषांत किंमत लिहिलेली आहे. इतक्या लिप्या इतक्या कमी जागेत एकमेकींना न दाबता कशा बसवल्या, यावर अर्धा तास घालव. मग दोन-तीन टपाल तिकिटं घे. नखाएवढ्या जागेत चित्र, देशाचं नाव, किंमत आणि वर्ष. त्या जागेत काय ठेवायचं आणि काय काढून टाकायचं, याचा विचार कोणीतरी केला आहे. हाच विचार तुला करायचा आहे.

आता कोर्स. लाव, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ यांची बटणं तिथे कळतील. ती बटणं दर दोन वर्षांनी जागा बदलतात आणि यूट्यूबवर फुकट शिकता येतात. तिथे जे सहसा शिकवत नाहीत, ते गावातल्या ऑफसेटच्या छापखान्यात शिकायला मिळतं. एखाद्या ओळखीच्या छापखान्याच्या मालकांना विचार : काका, सुट्टीच्या दिवशी येऊन बघत बसू का? बहुतेक जण हो म्हणतात, हा माझा अनुभव आहे. तिथे चार रंगांच्या चार प्लेटा बघ. मोबाइलच्या पडद्यावर झगमगणारा निळा आणि पोपटी कागदावर का विझतो, ते तिथे कळतं. पडदा उजेडातून रंग करतो, छपाई शाईतून, आणि काही रंग चार शायांच्या आवाक्यातच नसतात. कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापली जाणारी जादा छपाई) का सोडायचं, ते कटिंगच्या मशिनपाशी उभं राहिलं की कोणी समजावून सांगावं लागत नाही. काळ्या पट्टीवर बारीक पांढरी अक्षरं चार रंगांत टाकली आणि एक प्लेट केसभर सरकली, तर त्या अक्षरांचं काय होतं, हेही एकदा डोळ्यांनी बघ.

द्राक्षांबद्दल मैत्रिणी नाराज आहेत, पण तुझं पहिलं मोठं काम कदाचित द्राक्षाच्या खोक्याचंच असेल. निर्यातीच्या द्राक्षाचं खोकं हे अवघड डिझाइन आहे. ते पन्हळी पुठ्ठ्यावर छापायचं असतं. थेट त्यावर छापलं तर आतल्या पन्हळींमुळे रंगात पट्टे उमटतात आणि बारीक रेघ भरून जाते. तपकिरी कागदावर पिवळा पिवळा राहत नाही, हिरवा मळकट दिसतो. खोकी एकावर एक रचली की वरची बाजू झाकली जाते, मग बागेचं नाव वाचायचं ते बाजूच्या अरुंद पट्टीवर. शीतगृहातल्या ओलाव्यात शाई टिकायला हवी. आत अर्धा-अर्धा किलोचे पनेट असतात, त्यावरचं लेबल परदेशातल्या दुकानात फळाकडे नजर जाऊ देईल इतकंच मोठं हवं. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड भागात हे काम जाणणारा माणूस सतत लागतो.

तेवढंच काम आहे असंही नाही. येवल्याची पैठणी, चिवडा, मसाले, वाइन, खतं-औषधांची पाकिटं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे कॅटलॉग. वाइनच्या बाटलीवरचं लेबल लहान असतं आणि तेवढ्यावरच ओळख तरून जाते. सुलाचा मिशीवाला सूर्य आठव. नाव न वाचताही तो ओळखू येतो. खाण्याच्या पाकिटाचं काम घेणार असशील तर कायदा वाच. निव्वळ वजन, कमाल विक्री किंमत, तारीख, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक, शाकाहाराचं हिरवं वर्तुळ, हे सगळं ठरलेल्या नियमांनी द्यावं लागतं आणि आकड्यांची किमान उंचीही ठरलेली आहे. ही माहिती पाठ असलेल्या मुलीला गिऱ्हाईक सोडत नाही, कारण लेबल चुकलं तर सगळी पाकिटं फुकट जातात.

कामाचे नमुने जमवताना काल्पनिक कॉफी शॉपचे लोगो करू नकोस. आजूबाजूचं काहीतरी खरं उचल. सिटीलिंक बसच्या मार्गांचा एकाच कागदावर मावेल असा मराठी नकाशा कर. २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. मराठी न वाचणारे लाखो लोक रामकुंडाकडे जाणार आहेत, गर्दीत, उन्हात, डोक्यावर गाठोडं घेऊन. त्यांना पंचवटीतून वाट दाखवणाऱ्या पाट्या आख. कोणी मागितल्या नसल्या तरी आख, पुठ्ठ्यावर खऱ्या मापात छाप, रस्त्यापलीकडे धर आणि आजीला वाचायला सांग. असा एक नमुना पंचवीस लोगोंपेक्षा जास्त बोलतो.

बी.कॉम. पूर्ण कर. खर्चाचा अंदाज, कोटेशन, कर हे समजणारे डिझायनर कमी आहेत. पुढे डिझाइनचंच उच्च शिक्षण घ्यावंसं वाटलं तर बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी असलेल्यांना सीईईडी ही परीक्षा देता येते. तिला वयाची अट नाही. मात्र परीक्षा एक आणि प्रवेश एक. प्रत्येक संस्थेच्या पात्रतेच्या अटी वेगळ्या आहेत आणि काही ठिकाणी चार वर्षांची पदवी मागतात, तेव्हा माहितीपत्रक नीट वाचून मगच फी भर.

प्रश्न : मी लग्नपत्रिका आणि हँडबिलांचं डीटीपी करतो. पूर्वी सगळं श्रीलिपीत असायचं. आता युनिकोडमध्ये टाइप केलं की ल आणि श हिंदीसारखे येतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘हे मराठी वाटत नाही.’ असं का होतं?
– एक डीटीपी व्यावसायिक, नाशिकरोड

उत्तर : तुमच्या गिऱ्हाइकाचा डोळा चांगला आहे. युनिकोडमध्ये ल साठी एकच क्रमांक आहे, मग मजकूर हिंदी असो की मराठी. तो क्रमांक कोणत्या आकारात दिसावा, हे फाँट ठरवतो, आणि पुष्कळ फाँट करणाऱ्यांनी हिंदीचे आकार मूळ धरले आहेत. मराठीला पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो. दांड्याचा ल आणि शेंडीचा श ही हिंदीतली वळणं. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा शासन निर्णय काढला आणि २०२२ मध्ये तो सुधारला, तो याच कारणासाठी.

उपाय सोपा आहे. काही फाँटमध्ये दोन्ही आकार भरलेले असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की आकार आपोआप बदलतात. बदलले नाहीत तर अक्षरांच्या पर्यायी रूपांच्या यादीत शोधा. तिथेही नसतील तर फाँट बदला. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त, बलू असे फाँट विनामूल्य आहेत आणि धंद्याच्या कामाला वापरता येतात. ऱ्य आणि ऱ्हचंही भान ठेवा. त्यासाठी साधा र न वापरता खाली नुक्ता असलेला ऱ टाइप करावा लागतो. नाहीतर पत्रिकेच्या कामात आचाऱ्यांचे आचार्य होतात आणि यजमान छापून झाल्यावर फोन करतात.

या निमित्ताने एक नाव सांगते, कारण तुम्ही रोज त्यांचं काम वापरता. विंडोजमध्ये येणारा मंगल हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी यांनी केला. जाहिरात संस्थेत काम केलेला, जे. जे. आणि आय.आय.टी. मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवलेला हा मराठी माणूस २००८ मध्ये गेला. देशभर सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी पत्रं त्यांच्या अक्षरांत टाइप झाली आणि त्यांचं नाव मात्र आपल्या धंद्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. याची मला मनापासून खंत वाटते. दुसरे कमल शेडगे, १९३५ ते २०२०. मराठी नाटकांची नावं वर्तमानपत्राच्या जाहिरातीत त्यांनी अशी रेखाटली, की नाटक विनोदी आहे की रहस्याचं, हे अक्षरांच्या वळणावरूनच कळायचं. एकाच नावाची पाच वळणं हाताने काढून बघा, संगणक बंद ठेवून. अच्युत पालव गेली अनेक वर्षं लोकांना हेच करायला लावत आहेत. मोडी लिपीच्या अभ्यासातून आलेली त्यांची सुलेखनकला २०२५ मध्ये पद्मश्रीपर्यंत पोचली.

आणि हा नुसता हौसेचा विषय नाही. दुकानं व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये सुधारणा झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी देवनागरीत पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मेन रोडवरून चालत जा आणि बघा, किती पाट्यांवर इंग्रजी नाव देखणं आहे आणि मराठी नाव कसंतरी ताणून बसवलं आहे. त्या प्रत्येक पाटीत तुमच्यासाठी काम आहे.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. सारखा चित्रं काढतो आणि म्हणतो डिझायनर होणार. मी द्राक्ष बागायतदार आहे, मला यातलं काही कळत नाही. सायन्स घ्यावं लागेल का? शिवाय आता कॉम्प्युटर स्वतःच चित्रं काढतो म्हणे. चार वर्षं आणि पैसा घालवून मुलाच्या हाताला काम राहील का?
– एक पालक, निफाड

उत्तर : तुम्ही त्याचं ऐकून घेत आहात, ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

सायन्सची सक्ती नाही. कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेतून बारावी झाली तरी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा आणि आय.आय.टी.मधल्या डिझाइन पदवीसाठीची यूसीईईडी देता येते. यूसीईईडी लागोपाठच्या वर्षांत दोनदाच देता येते, तेव्हा पहिली संधी तयारीशिवाय वाया घालवू नका. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित कला महाविद्यालयांतली वाट वेगळी : बारावीनंतर राज्य सीईटी कक्षाची उपयोजित कलेसाठीची परीक्षा, आणि चार वर्षांची बी.एफ.ए. त्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हाताने काढावं लागतं. मुंबईच्या जे. जे.मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. मराठी जाहिरात आणि पुस्तकांच्या जगातली कितीतरी माणसं तिथून आली. नाशिकमध्येही कला महाविद्यालयं आहेत. घरापासून जवळ, कमी खर्चात पाया पक्का होत असेल तर नामवंत शहराचा हट्ट मी धरणार नाही. सध्या त्याने इंटरमिजिएट दिली नसेल तर देऊ द्या. ग्रेडनुसार दहावीत ए ला ७, बी ला ५, सी ला ३ गुण वाढीव मिळतात, आणि त्याहून मोलाची असते ती रोज काढायची लागणारी सवय.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. खोटा धीर देत नाही. शब्दांत सांगता येईल असं चित्र यंत्र क्षणात काढून देतं, आणि वाढदिवसाचे फ्लेक्स, सणाच्या शुभेच्छांच्या पोस्ट अशा कामांचा भाव त्याने पडलाच आहे. मला काळजी वेगळीच आहे. ही किरकोळ कामं करत करतच नवखी मुलं शिकायची. यंत्राने तीच पायरी काढून घेतली, तर शिकायचं कुठे? म्हणून तुमच्या मुलाला कामाआधी शिकावं लागेल आणि जास्त खोल शिकावं लागेल.

पण आपल्याकडे हे पहिल्यांदा घडत नाही. खिळे जुळवून मजकूर उभा करणाऱ्या जुळाऱ्यांचा धंदा डीटीपीने काही वर्षांत संपवला. त्यातल्या ज्यांना भाषा येत होती, पानाची मांडणी कळत होती, ते संगणकापुढे बसले आणि टिकले. ज्यांच्याकडे फक्त हाताचा वेग होता त्यांचे फार हाल झाले. तुमच्या मुलाने वेगावर विसंबू नये. हे खोकं कोण बघणार आहे, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, त्याला वाचता येतं का, यातलं काय चुकलं तर कोणाचं नुकसान होईल, हे ठरवणं आणि त्याची जबाबदारी घेणं हे काम माणसाकडेच येतं. यंत्र शंभर पर्याय देईल, त्यातला एक निवडायला जाणकार डोळा लागेल. तुम्ही स्वतः घडातले कुठले मणी विरळायचे ते बघताक्षणी ओळखता. ती नजर बागेत वाढून आली आहे. त्याची नजर चित्रं, अक्षरं, छपाई बघून येईल. त्याला सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा. नाशिकचं ते वाचनालय १८४० पासून आहे. जुनी मुखपृष्ठं बघू द्या. दीनानाथ दलाल यांचं काम आधी दाखवा. गोव्याकडून आलेल्या या चित्रकाराने १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केलं आणि मराठी घराघरांत चित्र बघायची आवड लावली.

आणि पुढच्या हंगामात तुमच्या खोक्याचं लेबल त्यालाच करायला सांगा. बाहेरच्याला देता तेवढे पैसे त्याला द्या आणि आवडलं नाही तर स्पष्ट सांगा.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून घरून लोगो आणि पॅकेजिंगचं काम करते. एका उद्योगाने लोगो पसंत केला, बोर्डावर लावला, आणि चार महिने झाले तरी पैसे दिले नाहीत. वर ‘ओपन फाइल’, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, मागतात. लोगोवर हक्क कोणाचा? आणि पैसे कसे मिळवायचे?
– एक डिझायनर, सिन्नर

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. नुसता राग धरून बसू नका, कागद बाहेर काढा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. स्वतंत्रपणे केलेलं काम सर्वसाधारणपणे करणाऱ्याचं. पैसे घेऊन कोणासाठी काढलेलं छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा कोरीव काम याला अपवाद आहे, तिथे काम सांगणारा मालक होतो. लोगो यात येतो का यावर वाद घालता येतो, म्हणून सुरुवातीलाच लेखी ठरवावं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीचा लेखी कागद लागतो. व्हॉट्सअपवरच्या ‘ओके’वर विसंबून राहू नका. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. परदेशात द्राक्षं पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाला हे दाखवा. कागद करण्याची गरज त्यालाही तुमच्याइतकीच आहे.

पैशांसाठी उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन होते आणि फुकट आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं, आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. नोंदणी आधीची आणि काम नंतरचं असेल तर तुमची बाजू भक्कम. आत्ताच्या थकबाकीला याचा उपयोग होईलच असं नाही, म्हणून तिच्यासाठी कामाचे मेल, पसंतीचा निरोप, बोर्डाचा तारखेसह फोटो आणि बिल एकत्र करून वकिलाकडून नोटीस पाठवा. पैसे येईपर्यंत ओपन फाइल देऊ नका.

पुढच्या कामाला कोटेशनमध्येच चार गोष्टी लिहा : निम्मी रक्कम आगाऊ, किती वेळा बदल करून देणार, पूर्ण पैसे आल्यावरच हक्क गिऱ्हाइकाकडे जातील, आणि ओपन फाइलचा दर वेगळा. छपाईसाठी लागणारी पीडीएफ आणि लोगोची वेक्टर प्रत द्या, त्यात अक्षरं कर्व्ह करून टाका. विकत घेतलेला फाँट ओपन फाइलबरोबर देऊन टाकू नका, तो वापरण्याचा परवाना तुमच्या नावाचा असतो. हे सगळं मागायला सुरुवातीला संकोच वाटेल. सिन्नरच्या एमआयडीसीतला कुठलाही साचे करणारा आगाऊ रकमेशिवाय लोखंडाला हात लावत नाही, आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही.